टेकडीवरून आल्यापासून एकच कान झाडतोय

भोपळ्याची_आई
आमचा भोपळ्या चार वर्षांचा. अर्धा लॅब, उरलेला अर्धा कोण ते त्याच्या आईलाच ठाऊक. काल सकाळी वेताळ टेकडीवर गेलो होतो. गवत आता पिवळं पडलंय, साहेब त्यात डोकं खुपसून घुशी हुडकत होते. उतरताना एकदम केकाटला आणि डावा कान असा झाडायला लागला की पट्ट्याची घंटी घरी येईपर्यंत वाजत होती. तेव्हापासून मान डावीकडे तिरकी. कानाला हात लावू देत नाही. वास नाही, घाण नाही, उजवा कान ठणठणीत. टॉर्च मारून बघितलं, आत नुसतं गुलाबी. सासूबाई म्हणतात, कोमट खोबरेल टाक दोन थेंब. टाकू का? आमचे डॉक्टर संध्याकाळी भेटतील.

साताऱ्याची_मनी
टाका की! आमच्या टॉमीला मी लसूण कढवलेलं तेल घालते, दर पंधरा दिवसांनी. आमच्या आईने आम्हालाही तेच घातलं, कुणी बहिरं झालं नाही.

कॉकरवाला
अहो, थांबा! काहीही टाकू नका. एकच कान, तोही अचानक, तोही या दिवसांत गवतातून आल्यावर, म्हणजे बहुतेक कुसळ गेलंय. टेकडीवरून आल्यावर आपल्या मोज्यांत रुततं ना, तेच. टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे आत सरकतं पण मागे येत नाही. शिवाय ओल लागली की त्याच्या शेपटाचा पीळ सुटतो आणि ते गिरमिटासारखं फिरतं. म्हणजे तेलपाण्याने निघण्याऐवजी आणखी आत जायचं.

टॉर्चने दिसणार नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. आपल्याला दिसतो तो फक्त जिना, खोली नाही. पडद्याला इजा झाली असेल तर वरून टाकलेलं औषधसुद्धा आतल्या कानात उतरून नुकसान करू शकतं. इअरबड तर घरातून हद्दपार करा. मी शहाणपणा करून आमच्या कॉकरचा मळ बडने काढायला गेलो आणि सगळा आत ठासून बसवला. मग त्याने कान झाडझाडून पाळीत रक्त साकळवलं, पुरणपोळीसारखी टम्म फुगली. ऑपरेशन झालं. ती पाळी शेवटपर्यंत चुरगळलेलीच राहिली.

भोपळ्याची_आई
बड मी कालच घातला होता, थोडासाच. लिहायची लाज वाटली.

भोपळ्याची_आई
जाऊन आलो. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुर्बीण, मग लांब चिमटा. कुसळच! वळणाच्या पलीकडे आडवं बसलं होतं. पडदा शाबूत आहे. सात दिवस ड्रॉप. डॉक्टरांनी ते कुसळ कापसावर ठेवून हातात दिलं, मी घरी आणून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढंस्सं? आणि भोपळ्याला दूधभात कालवायला गेल्या.

साताऱ्याची_मनी
कॉकरवाले दादा, आता मलाच घाबरवलंत. टॉमीचे दोन्ही कान खाजतात, तपकिरी चिकट मळ येतो आणि आंबलेल्या पिठासारखा वास. कुसळ नसेल ना?

कॉकरवाला
ताई, हे वेगळं वाटतंय. असा वास बऱ्याचदा यीस्टचा असतो, लोंबत्या कानात पावसाळ्यात हमखास. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ असता तर कानातल्या किड्यांची शंका घेतली असती. नक्की काय ते मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच कळतं. पुन्हापुन्हा होत असेल तर अ‍ॅलर्जीचंही विचारा. डॉक्टरांनी कान धुवायचं औषध दिलं तर बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. गार पडलं की कुत्रा पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातो. कान भरला की बुडाशी अर्धा मिनिट चोळा, आतून पचपच आवाज आला पाहिजे. मग लांब उभं राहून त्याला झाडू द्या, भिंतीचा रंग गेला तर गेला. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसा, बोट जाईल तेवढंच. आणि ते तेल?

साताऱ्याची_मनी
बंद केलं. उद्या सकाळी नेते त्याला. लसणाचं उरलेलं आमटीत घालते.