डिस्कसपुढे अबाउट का लागत नाही?

प्रश्न:
काल मेलमध्ये 'वी विल डिस्कस अबाउट द बजेट' लिहिलं आणि सिनियरने अबाउट खोडला, कारण विचारलं तर म्हणाली लागत नाही म्हणजे नाही. पण 'टॉक अबाउट' चालतं ना? तसंच 'मॅरीड विथ' चुकीचं म्हणतात, आपण तर 'तिच्याशी लग्न झालं' म्हणतो, मग विथच यायला हवं. वाचलेलं सगळं कळतं हो, पण लिहायला बसलं की इन, ऑन, ॲटपाशी हात अडतो. काही नियम आहे की नुसतं पाठांतर?

प्रतिसाद १:
डिस्कसच्या पोटातच 'बद्दल बोलणं' आहे, म्हणून वेगळा अबाउट नको. पण 'डिस्कशन' म्हटलं की तो परत येतो, 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' एकदम बरोबर. रीचचंही तेच, 'रीच्ड द स्टेशन', मध्ये काही नाही, पण 'अराइव्ह्ड ॲट द स्टेशन'. मॅरीडला टू, एंगेज्डला टू, रिलेटेडला पण टू, नात्याचे हे तिन्ही एकत्र लक्षात ठेव.

प्रतिसाद २:
खरी गोची आपल्या प्रत्ययांची आहे. सकाळी, सोमवारी, रात्री, आपण शेवटी ई लावून मोकळे, इंग्रजीत तिघांना तीन वेगळे: इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. आणि सोमवारी सकाळी म्हणायचं तर 'ऑन मंडे मॉर्निंग', वार आला की इन गेलाच. बस, ट्रेन, विमान यांना ऑन कारण आत उभं राहून चालता येतं, कार-टॅक्सीत थेट सीटवरच बसायचं म्हणून इन, हे मला फार उपयोगी पडलं.

प्रतिसाद ३:
'पासून' आणि 'पर्यंत' सांभाळा!! 'दोन वर्षांपासून'चं आपण 'सिन्स टू इयर्स' करतो, ते 'फॉर टू इयर्स' हवं, सिन्स फक्त सुरुवात कधी झाली ते सांगायला, 'सिन्स 2022'. मी एकदा क्लायंटला 'आय विल सेंड इट टिल मंडे' लिहिलं, म्हणजे सोमवारपर्यंत पाठवतच राहणार असा अर्थ झाला, तिथे 'बाय मंडे' हवं होतं. काम कधीच्या आत संपणार ते बाय, कधीपर्यंत चालू राहणार ते टिल.

प्रतिसाद ४:
वीकेंडचं मात्र टेन्शन घेऊ नका, ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड', दोन्ही बरोबर. बाकी मी वहीत सुटा शब्द लिहितच नाही, 'डिपेंड ऑन', 'गुड ॲट', 'अफ्रेड ऑफ' असे जोडीनेच लिहिते.

प्रश्नकर्ता:
थँक्स सगळ्यांना. आत्ताच ड्राफ्टमधला मेल उघडला, त्यात 'सिन्स थ्री वीक्स' होतं, पाठवायच्या आधी बदललं.