आजीच्या इरकलीचा पदर चौकटीत बसवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीचं जुनं नऊवारी इरकल माझ्याकडे आलंय. अंगाचं सूत घड्यांवर पार विरलंय, बोट लावलं तरी फाटतं. पण टोपपदर शाबूत आहे. लाल रेशीम, त्यावर पांढरे पट्टे आणि कंगव्याच्या दातांसारखी ती नक्षी. त्याचे उशांचे अभ्रे शिवायला मन धजत नाही. गावच्या घरातली सागवानी खिडकीची चौकट माळ्यावर पडून आहे, तिच्यात हा पदर बसवून बाहेरच्या खोलीत लावावा म्हणते.

मागे मलमलचं अस्तर देऊन हातटाके घालावेत, की इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग चालेल? फेविकॉल मात्र नकोच, रेशीम कडक होतं आणि डाग पडतात. आम्ही कोकणात राहतो, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. काच लावली तर आत बुरशी धरेल का? कापड आणि काच यांच्यात फट कशी ठेवता? लाल रंग पांढऱ्यावर उतरेल म्हणून रिठ्याच्या पाण्यातही अजून बुडवलेलं नाही. नुसतं सावलीत वारा देऊन भागेल?

काठ चांगले आहेत, त्यांचं पितळी घुंगरं लावून तोरण करणार आहे. कोणी असं काही केलं असेल तर मागच्या बाजूचाही फोटो टाका, प्लीज.