फायरबॉलचे फासे कमी करून प्रश्न सुटत नाही

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांच्या भूमिका-खेळात इव्होकेशन, म्हणजे थेट मारा करणाऱ्या जादूची शाखा, वरचढ होतं म्हणून वाशीच्या टेबलावर फायरबॉल हा आगीचा स्पेल (मंत्र) ८ऐवजी ६ फाशांचा करा, अशी सूचना आली आहे. आकडा बरोबर आहे. २०१४च्या डीएम गाइडमधल्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकातल्या) तक्त्यातही तिसऱ्या लेव्हलच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलला ६डी६च (सहा बाजूंचे सहा फासे) दिलेत; माराची सरासरी २८वरून २१वर येते. पण लढाई खरी संपवतो तो त्याच लेव्हलचा हिप्नॉटिक पॅटर्न हा भुरळ घालणारा स्पेल, आणि तो इल्यूजनचा, म्हणजे भास निर्माण करणाऱ्या शाखेचा. एकदा सेव्ह (जादूपासून वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकला की शत्रू मिनिटभर, म्हणजे १० फेऱ्या बाद; मार बसला, साथीदाराने स्वतःची ॲक्शन खर्चून हलवलं किंवा स्पेल टाकणाऱ्याची एकाग्रता मोडली तरच सुटतो. शत्रूला होल्ड पर्सन या जखडून ठेवणाऱ्या स्पेलसारखा प्रत्येक टर्नच्या शेवटी नवा सेव्ह द्या. निम्मी शक्यता धरली आणि कुणी सोडवलं नाही, तर एका शत्रूच्या सरासरी ५ टर्न बुडतात, त्या १वर येतील.

दुसरं म्हणजे, रविवारच्या तीन तासांत दोनच लढाया आणि लगेच लाँग रेस्ट (सगळे स्पेल परत मिळवून देणारी लांब विश्रांती), हे आधी थांबवा. २०१४चे नियम खेळातल्या दिवसाला ६ ते ८ लढाया धरून बांधलेत. खेळातला एक दिवस दोन-तीन रविवार चालू द्या आणि उरलेले स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) पात्राच्या शीटवर लिहून ठेवा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच असतात.