टाळेबंदीत थांबलेली पावलं : तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचं काय झालं?

२५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा बाबा ७४ वर्षांचे होते. तीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढायचे. १०३ पायऱ्या, वर देवाला हात जोडायचे, खाली उतरून मित्रांबरोबर चहा. टाळेबंदीत दारापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या सुरू केल्या, एका फेरीत २२ पावलं. पहिला आठवडा उत्साहात गेला. मग रामायण बघायला सोफ्यावर बसले की थेट जेवायलाच उठायचे. दूध, भाजी, औषधं सगळं मीच आणायचे. "बाबा, तुम्ही उठू नका" हे दिवसातून दहादा म्हणायचे, तेही काळजीपोटी. जूनमध्ये सोसायटीच्या आवारात उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. पुढे पर्वतीला गेले, पण अर्ध्यातूनच परतले. करोना बाबांना झालाच नाही.

तुमच्याकडे काय झालं? सविस्तर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

*

आमच्याकडे फेऱ्या मारायलाही जागा नव्हती. दादरला दोन खोल्या, पाच माणसं, मुलांच्या ऑनलाइन शाळा. सासूबाईंची शिवाजी पार्कची फेरी बंद झाली. म्हणायच्या, "चालण्याचं काही नाही गं, कट्ट्यावरच्या बायका तुटल्या." त्यातल्या एकजणी मे महिन्यात वारल्या. फोनवर कळलं, शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. जूनमध्ये मैदानावर व्यायामाला परवानगी मिळाली, पण ६५च्या पुढच्यांनी घरीच थांबावं अशी सूचना होती, त्यामुळे माझा नवरा त्यांना सोडेना. त्यावरून मायलेकात झालेला अबोला आठवला की अजून वाईट वाटतं.

*

मी स्वतः ६९. आमचा हास्यक्लब झूमवर भरायचा. नातीने शिकवलं म्हणून जमलं. हसू फारसं यायचं नाही, पण सकाळी सातला केस विंचरून बसायचे, तेवढ्याने दिवस सुरू व्हायचा.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. निर्बंध उठल्यावर जे आजी-आजोबा आले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा. मांडीचे स्नायू वापरात राहिले नाहीत की उतारवयात भराभर झिजतात, मग तोल जातो. एकदा पडलं की भीती बसते आणि भीतीने माणूस आणखी बसून राहतो. व्हिडिओ कॉलवर मी एवढंच सांगायचे : ओट्याला धरून टाचा उचला, खुर्ची भिंतीला टेकवून दहादा उठा-बसा. ज्यांच्यासोबत घरातलं कुणी करायचं, त्यांचंच टिकलं.

धागा काढणाऱ्या ताई, बाबांचं अजूनही सुरू करा. सत्तरीनंतरही स्नायूंत ताकद येते, मी रोज बघते.

*

आईबाबा माझ्याकडे इंग्लंडला आलेले, विमानं बंद झाल्यामुळे अडकले. इथे दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. बाबा रोज तासभर चालून चांगले सडसडीत झाले. आई मात्र चार दिवसांत थांबली. "रस्त्यात एक माणूस ओळखीचं नाही, चालून काय करू?"

*

आमचे आजोबा माळकरी. दरवर्षी आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर पायी. २०२०ला पादुका एसटीने गेल्या. खेड्यात शेत-गुरं चालूच होती, त्यामुळे अंगाने ते ठणठणीत होते. पण पालखीच्या प्रस्थानाच्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाळ घेऊन बांधावरून चालायला लागले. दर संध्याकाळी त्या दिवशीच्या मुक्कामाचं नाव घ्यायचे : सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. आजीनेही कधी "हे काय चालवलंय" म्हटलं नाही. ताट वाढताना विचारायची, "आज कुठवर पोचलात?"