जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: मित्रकीटक कोणते आणि किती सोडावेत?

गच्चीवरची_जास्वंद
पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत जास्वंदीच्या 12 कुंड्या आहेत. पाऊस संपल्यापासून शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आहे. पानं आकसून गुच्छ झालेत, कळ्या गळतात. दर आठवड्याला लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल फवारलं तरी पंधरवड्यात पुन्हा तेवढाच. मित्रकीटक, म्हणजे ही कीड खाणारे कीटक, कोणते सोडावेत, किती, आणि ते गच्चीवर टिकतील का? खोडावर मुंग्यांची रांगही आहे.

परसबाग_प्रेमी
तेलाने पिल्लं मरतात. अंडी मात्र मादीच्या कापसासारख्या पिशवीत असतात, एकेका पिशवीत शेकडो, आणि त्या मेणावरून फवारा ओघळून जातो. म्हणून कीड परत येते.

तुम्हाला हवा क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझिएरी, पिठ्या ढेकूण खाणारा भुंगेरा. मागवताना पूर्ण नाव सांगा. नुसतं 'लेडीबर्ड' म्हटलं तर माव्यावर जगणारे लाल-काळ्या नक्षीचे भुंगेरे मिळू शकतात, त्यांचा इथे उपयोग नाही. क्रिप्टोलेमस साधारण 4 मिमीचा, काळपट, डोक्याकडे नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणला, आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणासाठीच सोडतात. मित्रकीटक तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करा.

दर कुंडीला 5-6 भुंगेरे पुरतात, पण कीड असलेल्याच झाडांवर सोडा. शेवटच्या तेलफवारणीनंतर किमान दोन आठवडे थांबा. कुंडीत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतलं असेल तर यंदा हा नाद सोडा, ते झाडात महिनोन्‌महिने राहतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर भुंगेऱ्यांची बाटली शेंड्यांवर हलकेच झटका. झाडावर मच्छरदाणीचं कापड टाकून खाली सुतळीने बांधा आणि तीन दिवस तसंच ठेवा. उघड्यावर सोडले तर भुंगेरे वाऱ्याबरोबर जातात. गच्चीवरचे बहुतेक प्रयोग इथेच फसतात.

सोडण्याआधी झाड चकाचक धुऊ नका! भुंगेऱ्याची मादी ढेकणाच्या त्या कापसाच्या पिशव्यांतच अंडी घालते. खाणं नसेल तर भुंगेरे उडून जाणारच.

मुंगी_विरोधक
वरचं सगळं बरोबर, पण मुंग्यांचा बंदोबस्त आधी. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना, त्यांच्या अळ्यांना हुसकावतात. मुंग्या असताना भुंगेरे सोडणं म्हणजे पैसे वाया.

खोडाला 4 सेंमी रुंद कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीनचा थर द्या. थेट सालीवर लावू नका. फांदी भिंतीला, दोरीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकत असेल तर तेवढी छाटा, मुंग्यांना एक पूल पुरतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणार असाल तर पाणी दर चार दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल.

वारूळ सापडत नसेल तर 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. त्यात भिजवलेला कापूस भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत, मुलं-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. बोरिक वाढवू नका. मुंग्या वाटेतच मेल्या तर ते वारुळापर्यंत पोचत नाही.

शेणखत_आणि_सावली
एक तपासा: पाणी निचरण्याच्या भोकाशी किंवा मातीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का? तो मुळांवरचा ढेकूण, क्रिप्टोलेमस मातीत उतरत नाही. ते झाड कुंडीतून काढा, मुळं धुवा, नव्या मातीत लावा. युरियाही थांबवा, लुसलुशीत शेंड्यांवर कीड झपाट्याने वाढते.

गच्चीवरची_जास्वंद
सोडून 18 दिवस झाले. भुंगेरे एकदोनच दिसतात. उलट लांब पांढऱ्या झुपक्यांचे मोठे ढेकूण वाढलेत, काही तर सेंटीमीटरभर. तेल मारू का?

परसबाग_प्रेमी
अजिबात नको! त्याच क्रिप्टोलेमसच्या अळ्या आहेत. पिठ्या ढेकूण 4-5 मिमीच्या पुढे जात नाही आणि जागचा फारसा हलत नाही. काडीने डिवचून पाहा, अळी झपझप चालू लागेल. अंगावरचं मेण दोघांनाही असतं, म्हणून बरेच जण याच टप्प्यावर त्या धुऊन टाकतात.

आता फक्त बुंध्याशी पाणी घाला, वरून जोराचा फवारा नको. पुढच्या आठवड्यात त्या पानांखाली किंवा कुंडीच्या कडेला चिकटून कोष करतील, तेव्हा वाळकी पानं झाडून टाकू नका. एखाद्या कुंडीवरचा ढेकूण संपला आणि शेजारच्या कुंडीवर शिल्लक असेल, तर अळ्या मऊ ब्रशने तिकडे हलवा.