मदत हवी आहे : हौशी नाट्यसंस्थेत तक्रार समिती कशी करायची?

आनंद एकर्षींचा मल्याळम सिनेमा ‘आट्टम’ पाहिला. नाटक मंडळीत बारा पुरुष, अंजली एकटी. रात्री झोपेत असताना खिडकीतून कुणीतरी तिच्या अंगाला हात घालतो. आधी सगळे तावातावाने तिच्या बाजूने. परदेश दौऱ्याचं गाजर दिसलं की तेच पुरावे मागतात. (अंजलीच्या भूमिकेत झरीन शिहाबने काय काम केलंय!)

आमचीही हौशी संस्था, तालमी रात्री उशिरापर्यंत, पगारी कुणी नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते, एरवी जिल्ह्याची स्थानिक समिती. हौशी कलाकार यात कुठे बसतात? कुणी समिती नेमली आहे का? समितीसाठी संस्थेबाहेरच्या सदस्य कशा शोधल्यात? नियमावलीचा नमुना असल्यास पाठवा. ‘आपल्यात असलं काही होत नाही’ हे आमच्या अध्यक्षांनी आधीच सांगून झालंय.