सासूबाई आता नेमक्या कुठे आहेत? मृतांसाठीची मिस्सा आणि माझ्या माहेरची शिकवण

कळव्याची_सून

सर्वांना नमस्कार. माझे माहेर अहिल्यानगरचे. वडील निवृत्त पाळक असल्यामुळे मी प्रोटेस्टंट वळणात वाढले, आणि सासर मात्र ठाण्यातील जुने ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातील मूळचा ख्रिस्ती समाज) कॅथलिक कुटुंब आहे. आमच्या सासूबाई मार्चमध्ये गेल्या. २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन जवळ आल्याने चर्चमधून पाकीट आले आहे. त्यावर घरातील मृतांची नावे लिहून द्यायची, म्हणजे त्या दिवशीच्या मिस्सेत (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेत) त्यांच्यासाठी प्रार्थना होते. यंदा सासूबाईंचे नाव मी माझ्या हाताने लिहावे, अशी नणंदेची इच्छा आहे. वडिलांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी 'झाड जेथे पडेल तेथेच राहील' हे बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकातील वचन ऐकवले आणि मृतांसाठी प्रार्थना करण्यास आपल्याकडे आधार नाही, असे सांगून विषय संपवला.

पाकीट आठ दिवस फ्रिजवर पडून आहे. माझी खरी अडचण वेगळीच आहे. अंत्यविधीच्या वेळी फादर म्हणाले की त्या प्रभूमध्ये निजल्या आहेत, भेटायला आलेले म्हणत होते की त्या स्वर्गात पोहोचल्या, आणि आता त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिस्सा आहे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील? आठ वर्षांच्या मुलीने तर सरळ विचारले, "आजी झोपली आहे, वर गेली आहे, की तिचा निकाल लागायचा आहे?" मला उत्तर देता आले नाही.

वाशीचा_धर्मशिक्षक

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. मी कॅथलिक आहे आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो, त्यामुळे मुलीचा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

कॅथलिक शिकवणीप्रमाणे न्याय दोन वेळा होतो. मरणाच्या क्षणी प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि युगाच्या शेवटी, प्रभूच्या पुनरागमनाच्या वेळी, सर्वांचा. त्यामुळे आजीचा निकाल राखून ठेवलेला नाही. देवाच्या कृपेत मरण पावलेल्या माणसाचे तारण निश्चित असते, पण त्याच्या स्वभावातील जुने हेवेदावे, अर्धवट राहिलेली क्षमा, स्वतःवरचे अति प्रेम हे सारे मरणाबरोबर आपोआप गळून पडते असे नाही, म्हणून देवासमोर जाण्याआधी त्याची शुद्धी होते, आणि त्या शुद्धीला आपण शुद्धिस्थान म्हणतो. मुलांना मी भातलावणीचे उदाहरण देतो. चिखलातून घरी आलेला माणूस उंबऱ्याबाहेर पाय धुतो. घर त्याचेच असते आणि आत येऊ नको असे त्याला कोणी म्हणत नाही, परंतु आईने सारवलेल्या जमिनीवर चिखलाच्या पायांनी जाणे त्याला स्वतःलाच नको वाटते. आपली प्रार्थना म्हणजे त्याच्या पायांवर ओतलेले तांब्याभर पाणी. (नव्या मुंबईतील मुलांना भातलावणी काय ते आधी समजावून सांगावे लागते, ही गोष्ट निराळी.)

शुद्धिस्थान ही नरकाची धाकटी आवृत्ती नाही आणि मरणानंतर मिळणारी दुसरी संधीही नाही. १५६३ साली ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवताना त्याभोवतीची अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ यांना बंदी घातली होती. म्हणून पाकिटात किती रक्कम घातली यावर आजीची सुटका अवलंबून आहे असे कोणी सुचवले, तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आणखी एक गोष्ट पाहा. सासूबाईंचे बायबल घरात असेल तर ते माहेरच्या बायबलशेजारी ठेवा. त्यांचे जाड दिसेल, कारण आमच्याकडे ७३ पुस्तके आहेत आणि आपल्या वडिलांकडे ६६. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा सर्वांत स्पष्ट उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक नेमके त्या अधिकच्या ७ पुस्तकांपैकी आहे. बाबांना आधार सापडत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

जुना_ठाणेकर

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या घराण्याची परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. तिच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी २२वे कलम शुद्धिस्थानाची शिकवण स्पष्टपणे नाकारते, आणि वर दिलेले उदाहरण मनाला भिडले तरी माझा आक्षेप तसाच राहतो. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या अपराध्याला पाय धुवायला वेळच कुठे होता? तरी प्रभूने त्याला सांगितले की तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. धुण्याचे काम ख्रिस्ताच्या मरणाने पूर्ण झाले, ही आमची श्रद्धा आहे.

परंतु ताई, आपल्या वडिलांविषयी आदर राखून सांगतो, झाडाचे ते वचन या प्रश्नासाठी नाही. उपदेशकाचा ११वा अध्याय वाचून पाहा. वारा पाहत बसणारा पेरणी करणार नाही, ढगांकडे पाहणारा कापणी करणार नाही, अशा शेतकऱ्याच्या व्यवहारातील ते वाक्य आहे. त्यावर परलोकाचा सिद्धान्त उभारणे म्हणजे बांधावरच्या झाडाला देवळाचा खांब करणे.

आता निजण्याविषयी. हा शब्द प्रभूने स्वतः मरण पावलेल्या लाजराविषयी वापरला आणि प्रेषित पौलानेही वापरला. त्यावरून पुनरुत्थानापर्यंत आत्मा बेशुद्ध असतो असा अर्थ सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी घेतात. कॅथलिकांप्रमाणेच बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या तसा अर्थ घेत नाहीत, कारण देहातून निघून ख्रिस्ताजवळ असणे अधिक चांगले, असे पौल फिलिप्पै येथील मंडळीला लिहितो, आणि झोपलेल्या माणसाला कोणाचा सहवास कळणार? निजतो तो देह. म्हणून फादर आणि भेटायला आलेली माणसे एकमेकांविरुद्ध बोलत नव्हती, फादर देहाविषयी बोलत होते आणि ही माणसे आत्म्याविषयी.

मात्र एका गोष्टीचे मला नेहमी आश्चर्य वाटते. आत्मा कुठे गेला यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो आणि विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) दर रविवारी 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो, तिकडे कोणाचे लक्षच नसते. ख्रिस्ती आशा स्वर्गात पोहोचण्यावर संपत नाही. आत्मा आज प्रभूजवळ असला तरी गोष्ट अर्धीच झाली आहे. देह पुन्हा उठवला जाईल आणि आकाश व पृथ्वी नवी होतील, तेव्हा ती पुरी होईल. या मुद्द्यावर आपले माहेर आणि सासर यांच्यात तसूभरही फरक नाही.

नेरुळची_वाचक

मी हिंदू आहे, चूक असल्यास क्षमस्व. माझ्या कॅथलिक मैत्रिणीच्या आजोबांची कबर जागेअभावी काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. देहच उठायचा असेल, तर असे केलेले चालते का? आणि दहन?

वाशीचा_धर्मशिक्षक

चालते. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, मात्र पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेले नसावे. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विसर्जित करू नये व घरीही ठेवू नये, ती पवित्र जागी असावी. देवाला जुनी हाडे गोळा करून जोडायची आहेत असे आम्ही मानत नाही. पौलाने बियाचे उदाहरण दिले आहे. पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते रोप, आणि तरीही ते त्याच दाण्याचे असते.

कळव्याची_सून

सर्वांची आभारी आहे. दोन्ही बायबले टेबलावर शेजारी ठेवली, सासूबाईंचे खरोखरच जाड आहे. मक्काबींच्या त्या अध्यायात त्यांनी मिस्सेचे जुने पत्रक खूण म्हणून ठेवलेले होते, तेही सापडले. वडिलांशी पुन्हा बोलले. शुद्धिस्थान त्यांना मान्य नाही, होणारही नाही. पण देवाचे आभार मानताना सासूबाईंचे नाव घ्यायला माझी हरकत कशी असेल, असे ते म्हणाले. मी पाकिटावर नाव लिहिले. नणंद तिच्या अर्थाने वाचेल, मी माझ्या.

मुलीला सांगितले की आजी प्रभूजवळ आहे, आणि एके दिवशी तिचा देहही उठेल. तिने लगेच विचारले, "मग गुडघा दुखेल का?" शेवटची तीन वर्षे सासूबाई जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत असत, हे तिने पाहिले होते. मी तिला प्रभूचा शिष्य थोमा याची गोष्ट वाचून दाखवली. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, पण ते दुखत असल्याचे कुठे लिहिलेले नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे गुडघा आजीचाच असेल, पण ती न थांबता चढेल."